अठरा तासवाली दीपा

कॉलेजच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. यजमान पंजाबराव शेती पाहतात, मी मशीन पाहते. त्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास, माझा परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात. वर्षभर चहाच्या टपरीवर पाय हलवत बसलेली पोरं त्या आठवड्यात माझ्या काउंटरवर तुटून पडतात. तहान लागली की विहीर खणायची, ही आमच्या बाभुळगावची जुनी रीत आहे. माझं घर त्याच विहिरींवर चालतं, त्यामुळे मी तक्रार करणार नाही. "विमलकाकू, आयएमपी आलं काय?" असं कुणी विचारलं की मी महत्त्वाच्या प्रश्नांचा गठ्ठा काढून देते. पास झाले तर त्यांचं नशीब, नापास झाले तर पुढच्या हंगामाचं गिऱ्हाईक.

दीपा मुनेश्वर या हंगामी पिकातली नव्हती. ती टाकळीहून सकाळच्या एसटीनं यायची आणि कॉलेज सुटलं की परतीची गाडी लागेपर्यंत माझ्या दुकानातल्या बाकावर बसायची. टाकळ्या आमच्या जिल्ह्यात शोधल्या तर पोतंभर निघतील. ही त्यातली एक लहानशी. मांडीवर फिजिकल केमिस्ट्रीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक, ओठ पुटपुटत असायचे आणि हातात पिवळा हायलायटर. एक ओळ वाचली की तिच्यावर पिवळं, दुसरी वाचली की तिच्यावरही पिवळं. पुस्तकाला एवढी हळद लागली होती की आता फक्त लग्न लावायचं बाकी राहिलं होतं. मी तसं म्हटलंही. ती हसली आणि पान उलटून पुढचं पिवळं करायला लागली.

दिसायला किरकोळ, बोलायला कमी, पण बसायला भक्कम अशी ही पोरगी. वीज गेली, पंखा थांबला, माश्या घोंगावल्या तरी जागची हलायची नाही. मी मनात म्हणायचे, ही जर पास झाली नाही तर या कॉलेजात कुणालाच पास व्हायचा अधिकार नाही.

आणि ती नापास झाली. हिवाळी परीक्षेचा निकाल तिनं माझ्याच कॉम्प्युटरवर पाहिला. बाकीचे विषय निघाले होते. पहिल्या वर्षातली फिजिकल केमिस्ट्री राहिली होती, तीही दुसऱ्यांदा. त्याच दिवशी टपरीवरचा एक बहाद्दर माझ्याकडच्या आयएमपीवर तरून गेला होता आणि मला पेढा द्यायला आला होता. तो पेढा मला गोड लागला नाही. दीपा मात्र रडली नाही, की कुणाला बोल लावला नाही.

"बसणं कमी पडलं, काकू," ती म्हणाली. "आता जास्त बसन."

हे बसण्याचं प्रकरण काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर ही पोरगी तुम्हाला येडी वाटेल. टाकळीत बुद्ध विहार आहे आणि विहाराला लागून एक अभ्यासिका आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये, बाबासाहेबांच्या जयंतीच्या आधी, तिथं सलग अठरा तास अभ्यासाचा कार्यक्रम असतो. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत, म्हणून त्यांना अभिवादन म्हणून पोरांनी एक दिवस तेवढं बसायचं. असे कार्यक्रम आपल्याकडे गावोगाव होतात आणि मला ते आवडतात. डीजेच्या भिंतीपुढं नाचण्यापेक्षा पुस्तकापुढं बसलेलं पोर कधीही बरं. दीपा नववीत असताना पहिल्यांदा बसली. मोठी मोठी पोरं दुपारनंतर भिंतीला टेकली, काही उठून गेली, काही पुस्तकावरच झोपली. ही उठली फक्त पाणी प्यायला. शेवटी अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या. विहार समितीचे अध्यक्ष बापूजी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, त्यांनी तिच्या गळ्यात हार घातला आणि तेव्हापासून तिचं नाव पडलं, अठरा तासवाली दीपा. पुढं दरवर्षी तीच शेवटपर्यंत बसली आणि दरवर्षी तिलाच टाळ्या मिळाल्या. आईबापांनी लहान पोरींना तिच्याकडे बोट दाखवून सांगायचं, बघ, असा अभ्यास करावा.

ज्या गोष्टीला टाळ्या पडतात ती माणूस सोडत नाही. दीपानं मनाशी पक्कं बांधलं की अभ्यास म्हणजे बसणं. जेवढं बसणं, तेवढा अभ्यास. दहावी-बारावीला ते खपून गेलं, कारण मराठी पुस्तक होतं आणि पाठ केलं की उतरवता येत होतं. बीएस्सीला सगळंच इंग्रजीत आलं. ती इंग्रजी वाक्यं तोंडानं म्हणत राहिली, रंगवत राहिली आणि नापास झाली की झोप कमी करून अजून बसत राहिली.

उन्हाळी परीक्षा ही तिची शेवटची संधी होती. पहिल्या वर्षातला तो पेपर निघाला नाही तर तिसऱ्या वर्षात प्रवेश मिळणार नव्हता, वर्षभर घरी बसावं लागणार होतं. तिच्या वडिलांचं नाव उकंडा, ते गवंडीकाम करतात, आई कौसल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. दोघंही तिला चकार शब्द बोलले नव्हते. पण एकदा घरी बसलेली पोरगी परत कॉलेजात येत नाही, हे मी काउंटरमागून इतकी वर्षं पाहते आहे. सासरी जाते, कामाला जाते, एखादी माझ्याकडे आधार कार्डाची झेरॉक्स काढायला येते आणि फाटकाकडे पाठ करून उभी राहते. दीपा तशी उभी राहू नये, एवढीच माझी इच्छा होती.

त्या एप्रिलच्या कार्यक्रमाची प्रमाणपत्रं माझ्याकडे छापली होती. ती घ्यायला आले तेव्हा बापूजी मलाही आमंत्रण देऊन गेले. रात्री सत्कार असतो, तेव्हा या म्हणाले. पंजाबरावांनी मला मोटारसायकलवर नेऊन सोडलं. विहाराच्या दारात तिवईवर पाण्याचा माठ, आत सतरंजीवर पोरापोरींच्या रांगा आणि बापूजींच्या गळ्यात कंडक्टरची शिट्टी. पहाटे शिट्टी वाजवून त्यांनी अभ्यास सुरू केला होता. कुणी डुलकी घेतली की ते जवळ जाऊन शिट्टीत हळूच एक फुंकर मारत, थांब्यावर गाडी थांबवल्यासारखी. दीपा पहिल्या रांगेत होती. उजाडायच्या आधीपासून बसलेली, डोळे तांबारलेले, पुस्तक पिवळंजर्द.

दरवर्षी नुसता सत्कार व्हायचा. त्या वर्षी बापूजींना वाटलं, पाहुण्यांपुढं दीपानं पाच मिनिटं बोलावं, आज काय वाचलं ते सांगावं. त्यांच्या मनात कौतुकच होतं. ती पुस्तक छातीशी धरून उभी राहिली. बापूजींनी ते प्रेमानं काढून घेतलं, म्हणाले, तुले कायले लागते पुस्तक, तुहं तं सगळं तोंडपाठ असन.

"थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम," दीपा म्हणाली. मग एक इंग्रजी वाक्य सुरू केलं आणि ते मधेच तुटलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच तुटलं. नंतर तिनं मला सांगितलं की तिला सगळं पान डोळ्यांपुढं दिसत होतं. कुठली ओळ पिवळी, कुठं कोपरा दुमडलेला, सगळं दिसत होतं. फक्त त्या ओळीत काय लिहिलं आहे ते दिसत नव्हतं. ती तशीच उभी राहिली, आम्ही सगळे तसेच बसलो. एखादं लेकरू खोकललं तेवढंच. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवायला सुरुवात केली, सवयीनं आणि मायेनं. शेवटच्या रांगेत तिची आई बसली होती. सगळ्यांचं थांबलं तरी कौसल्याबाई वाजवतच होत्या.

मला सोडायला ती रस्त्यापर्यंत आली. पंजाबराव गाडी वळवत होते तेवढ्यात ती म्हणाली, "पूर्ण दिवस बसली मी, काकू. एक वाक्य नाही आलं. मंग माय टाळ्या कायले वाजवत होती?"

मी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीवर बसले. सगळ्या रस्त्यानं मला त्या टाळ्या ऐकू येत होत्या आणि राग येत होता. कुणावर ते कळत नव्हतं, म्हणून मी तो पंजाबरावांवर काढला.

त्यानंतर काही दिवस दीपा आली नाही. बाक रिकामा दिसला की मी फाटकापर्यंत जाऊन बघून यायचे. मग एके दिवशी तिच्या वर्गातली खुशी दीपाचं पुस्तक घेऊन आली. त्यातल्या दोन धड्यांची झेरॉक्स हवी होती. मी विचारलं, तिलाच लागत नाही का? खुशी म्हणाली, दीपा म्हणते मले आता काय कामाचं हाय ते. एवढं सांगून, पुस्तक माझ्याकडे टाकून ती क्लासला पळाली. थोड्या वेळानं दीपाच आली, कामाचं नाही म्हणत म्हणत पुस्तक परत न्यायला. नेमका त्याच वेळी माझ्या मशीननं कागद गिळला. मशीन ही चीज सासूसारखी आहे, घाई असली की हमखास रुसते. मी झाकण उघडून बसले आणि तिला म्हटलं, थांब जरा.

थांबायचं म्हणजे करायचं काय? आयुष्यात पहिल्यांदाच ती त्या बाकावर पुस्तकाशिवाय बसली होती. मशीनशेजारी माझ्या खराब कागदांचा ढीग असतो. एका बाजूला काळे पट्टे उमटलेले, दुसरी बाजू कोरी. तिनं त्यातला एक ओढला, पेन काढलं आणि रागारागानं लिहायला लागली. विहारात जे आलं नव्हतं, तेच कागदावर काढून बघत होती. मी तिरप्या डोळ्यानं पाहिलं, तीन-चार ओळी लिहून पेन थांबलं होतं.

"बस, एवढंच?" मी म्हटलं. 

"एवढंच," ती म्हणाली. आवाजात लाज नव्हती, चक्रावल्यासारखी वाटत होती. एवढे महिने डोक्यात जे भरत होते ते कुठं गेलं, असं काहीतरी.

मशीन सुरू झालं, धडे निघाले, पुस्तक मी तिच्या हातात दिलं. तिनं ते उघडलं आणि वाचायला लागली, पण आज वाचणं वेगळं होतं. घरात किल्ली हरवल्यावर माणूस जसा एकेक फळी शोधतो तशी ती आपल्याला न आलेलं शोधत होती. हायलायटर तिनं पिशवीतून काढलाच नाही. सापडलं की पुस्तक बंद, दुसरा खराब कागद. या वेळी ओळी जास्त आल्या. गाडीची वेळ झाली तरी तिचं लक्ष नव्हतं, मीच ओरडून तिला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिनं पुस्तक न उघडता पुन्हा कागद मागितला. थोडा वेळ लिहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं जसं काही दुकानात साप निघाला.

"काकू, काल जे आलं नोयतं ना, तेच आज पह्यले आलं," ती म्हणाली. "जे पिवळं करून ठेवलं ते पुस्तकातच राह्यलं. अन् जे डोकं खाजवून काढलं ते माह्याजवळ राह्यलं."

मला वाटलं, झालं, पोरीला गुरुकिल्ली सापडली, आता सुखानं पास होईल. पण तसं सोपं काही नसतं. पुढचे काही आठवडे मी तिला जेवढं चिडलेलं पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं. पूर्वी दिवसभर बसून ती समाधानानं घरी जायची. आता रोज कागदावर तिला आपलं अडाणीपण दिसायचं. एकदा तर चुरगाळून फेकला कागद आणि हायलायटर काढला. म्हणाली, पिवळं करत बसलं की बरं वाटे, हे केलं की फक्त काय येत नाही तेच दिसते. डोळे भरले होते.

मी मशीनचं झाकण उघडं टाकूनच तिच्याजवळ गेले. "झाकण उघडल्याबिगर अडकलेला कागद दिसत नाही, बाई," मी म्हटलं. "मलेही उघडाचा कंटाळाच येते. पण बंद ठेवून मशीन चालते काय?"

तिनं नाक पुसलं आणि नवा कागद घेतला. हायलायटर मात्र पिशवीत परत गेला नाही. तो बरेच दिवस माझ्या काउंटरवर पडून होता. मी त्यानं पार्सलवर नावं रंगवली.

हळूहळू तिची एक पद्धत बसत गेली. एक धडा धरून त्यालाच चिकटून राहणं तिनं सोडलं. आजचा थोडा करायचा आणि त्याच बैठकीत मागच्या आठवड्यातलाही एखादा आठवून लिहायचा. मी म्हटलं, विसरेपर्यंत थांबतेस कशाला, लगेच पक्कं करून टाक ना. ती म्हणाली, थोडं विसरल्यावरच काढाले जोर लागते, अन् जोर लागला का बसते. मला पटलं नाही. जुन्या प्रश्नपत्रिका ती माझ्याकडून घ्यायची, गाईड घ्यायची नाही. आधी स्वतः लिहायची, मग पुस्तकाशी ताडायची. माझा तेवढा धंदा बुडाला. आणि ती झोपायला लागली. डोळ्यांखालची काळी वर्तुळं उतरली. कौसल्याबाई बाजाराच्या दिवशी दुकानात आल्या तेव्हा म्हणाल्या की पोरगी आता रात्री वेळेवर पडते. त्यांना आनंदही वाटत होता आणि धाकधूकही. एवढं कमी बसून कसं व्हावं, असं त्यांनी मला दबक्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, होईल. मला तरी कुठं ठाऊक होतं?

मग माठाची गोष्ट झाली. दीपानं ती मला इतक्यांदा सांगितली आहे की मी स्वतःच तिथं हजर होते असं मला वाटतं. संध्याकाळी आई दुसऱ्या दिवशीच्या खिचडीचे तांदूळ निवडत बसली होती. दीपाला वाटलं, कागदावर लिहिलेलं खरंच समजलं आहे का ते बघावं. इंग्रजी आईपुढं चालणार नव्हतं. म्हणून तिनं तो दुसरा नियम आपल्या बोलीत आणला. गरम वस्तूतली उष्णता थंड वस्तूत जाते, आपोआप उलटी जात नाही. चहा थंड होतो, तो ठेवल्या ठेवल्या आणखी गरम झालेला कुणी पाहिला आहे का? आईनं मान हलवली. मग एक खडा बाजूला काढत म्हणाली,

"मंग माठातलं पाणी एवढ्या उनात थंड काहून होते? बाहेर तं आग लागली हाय."

 पुस्तकात माठ नव्हता. दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली ती हेच घोकत. पुस्तक काढलंच नाही. खराब कागदावर माठ काढला, बाण काढले, खोडले. मग उठून माझ्या दुकानातल्या माठापाशी गेली आणि त्याच्या पोटावर हात ठेवला. हात ओला झाला. तिथं ती किती तरी वेळ हात ठेवून उभी राहिली आणि पाणी प्यायला आलेली दोन पोरं तिच्यामागं ताटकळली. आणि मग एकदम तिला उमगलं. पाणी मातीतून झिरपून बाहेर येतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होऊन जाताना ती मागं राहिलेल्या पाण्यातली उष्णता सोबत घेऊन जाते. नियम मोडत नाही, उष्णता वाफेच्या पाठीवर बसून निघून जाते. मग ती पुस्तकाकडे गेली आणि तिथली वाक्यं, जी ती दोन वर्षं तोंडानं म्हणत होती, तिनं जणू पहिल्यांदा वाचली. मला म्हणाली, काकू, हे तं हेच सांगून राह्यले!

आता मी सांगते ते लिहून घ्या, कारण माझ्याकडून स्तुती सहसा निघत नाही. त्या दिवशी मला त्या पोरीचा अभिमान वाटला. माझी कुणी लागत नाही ती, पण वाटला.

पेपरच्या दिवशी ती फाटकातून बाहेर आली तेव्हा मी काउंटर सोडून रस्त्यापर्यंत गेले. बाकीची पोरं आलं की नाही यावर वाद घालत होती. दीपा म्हणाली की एक प्रश्न पुस्तकातल्या शब्दांत नव्हता, फिरवून विचारला होता. आधीची दीपा असती तर तिनं तो सोडून दिला असता, कारण पाठ केलेल्यात तो कुठंच बसत नव्हता.

"मी माठ आठवला," ती म्हणाली, "अन् त्याले इंग्रजीत नेलं."

निकाल लागला त्या दिवशी आमच्याकडे नेहमीप्रमाणे वीज गेली. दीपा बाकावर, खुशी तिच्या शेजारी, मी बंद कॉम्प्युटरसमोर, आणि वीज मंडळाला मी ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. खुशीच्या मोबाईलला रेंज नव्हती. वीज आली, साइट उघडली, पुन्हा अडकली, पुन्हा उघडली. दीपानं तोंडावर दोन्ही हात ठेवले होते, म्हणून निकाल मीच वाचला. पेपर निघाला होता. पहिल्या नंबराचे गुण नव्हते, पण काठावरचेही नव्हते. तिसऱ्या वर्षाचा दरवाजा उघडला होता. खुशी तिच्या गळ्यात पडली. मी डोळे पुसले, धूळ गेली म्हणून सांगितलं.

दीपानं तोंडावरचे हात काढले. मग म्हणाली, "काकू, खराब कागद किती हायेत? अभ्यासिकेत पोट्टे लय पिवळं करून राह्यले."

मी अख्खा गठ्ठा सुतळीनं बांधून दिला. तेव्हापासून माझ्या दुकानात कागद खराब झाला की मी पूर्वीसारखी चिडत नाही.

यंदाच्या एप्रिलमध्ये बापूजी प्रमाणपत्रं छापायला आले तेव्हा दीपा दुकानातच होती. तिनं त्यांच्यापुढं म्हणणं मांडलं. अठरा तास ठेवायचे, पण एका दिवसात नाही, आठवडाभर वाटून. रोज सकाळी थोडे, मधे झोप, आणि रोज शेवटी पुस्तकं जमा करून कोऱ्या कागदावर आठवून लिहायचं. बापूजींच्या कपाळावर आठ्या आल्या. त्यांची सगळी हयात वेळापत्रकात गेली. गाडी सुटायची वेळ बदलली तर त्यांना झोप येत नसे.

"बाबासाहेबांनं वाटून केलता काय?" त्यांनी विचारलं. "अठरा तास म्हणजे अठरा तास."

मला वाटलं आता ही गप्प बसेल. मोठ्या माणसापुढं ती कधी बोललेली मी पाहिली नव्हती.

"बाबासाहेब अठरा तास नुसते बसत नोयते, आजोबा," दीपा म्हणाली. "अभ्यास करत होते. आम्ही त्यातलं बसणंच उचललं."

बापूजींनी प्रमाणपत्राचा नमुना उचलून उलटसुलट पाहिला.  मग त्यांनी विचारलं, "मंग टाळ्या कवा वाजवाच्या?"

"सांगून झाल्यावर," ती म्हणाली.

शेवटच्या संध्याकाळी मी खराब कागदांचा नवा गठ्ठा घेऊन पुन्हा विहारात गेले. या वेळी पंजाबरावही आत आले. पोरं ताजीतवानी दिसत होती, एकही भिंतीला टेकलेलं नव्हतं. बापूजींनी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांची पुस्तकं एका टेबलावर जमा झाली. कागदांवर पेनं कुरकुरायला लागली, मागच्या बाजूला माझ्या मशीनचे काळे पट्टे. मग दीपा उभी राहिली. त्याच जागी, जिथं मागच्या वर्षी उभी होती. हात रिकामे होते. तिनं दारातल्या माठाकडे बोट केलं आणि आपल्या बोलीत सगळं सांगितलं, उष्णता कुठून कुठं जाते आणि वाफ तिला कशी पाठीवर घेऊन जाते. एकदाही अडली नाही. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायासुद्धा माना वळवून माठाकडे पाहत होत्या.

ती थांबली तशी बापूजींनी टाळीसाठी हात उचलले. सगळ्यांचेच उचलले गेले. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून कौसल्याबाई उभ्या राहिल्या. पदर सावरत, थोड्या लाजत.

"थांबा," त्या म्हणाल्या. "टाळ्या मंग. मले एक सांग, दीपा. पावसाळ्यात तोच माठ, तेच पाणी. मंग तवा एवढं थंड काहून होत नाही?"

दीपानं आईकडे पाहिलं. या वेळी तिच्या चेहऱ्यावर हसू फुटत होतं. तिनं उत्तर दिलं नाही. ती रांगांकडे वळली आणि म्हणाली की पुस्तकं टेबलावरच राहू द्या, कागदावर उरलेल्या जागेत याचं उत्तर लिहा.

पोरांनी कागद पुढं ओढले. बापूजींनी हात खाली घेतले, खिशातून पेन काढलं आणि माझ्याकडे एक खराब कागद मागितला.